डाव्या बाजूची घरघर

सदर : घर, गाडी, व्यवहार

बार्शीच्या बाजारात तूर-हरभऱ्याची आडत असलेल्या एका कुटुंबाच्या अंगणात 2007 सालची मारुती 800 अद्याप उभी असते. मध्यंतरी घरात मोठी गाडी आली. तरीही जुनी विकण्याचा विषय निघाला की थोरले शेठजी हिशेब मांडीत. हप्ते केव्हाच फिटले, सुटे भाग गावात मिळतात, बोळात वळते आणि पोराटोरांना शिकायला बरी पडते. 15 वर्षे पूर्ण झाल्यावर परिवहन कार्यालयाची तपासणी होऊन नोंदणीचे नूतनीकरणही रीतसर झाले. अशा गाड्या व्यापारी घरांतून आजही बऱ्याच आहेत. 14 डिसेंबर 1983 रोजी पहिल्या ग्राहकाच्या हाती किल्ली पडली आणि 2014 च्या जानेवारीत उत्पादन थांबले. पण रस्त्यावरून ती गेली नाही.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस या गाडीतून आवाज येऊ लागला. प्रारंभी तो कोणाच्या ध्यानी आला नाही, कारण जुन्या गाडीत दहा आवाज असतात आणि त्यांची कानाला सवय होते. पुढे ताशी 40 किलोमीटरला घरघर सुरू व्हावी, 60 ला ती इतकी वाढावी की शेजारच्याशी मोठ्याने बोलावे लागावे, असे होऊ लागले. मागच्या सीटवर बसणाऱ्या आईंनी त्या आवाजाला नेमके नाव दिले : जात्यात खडा अडकल्यासारखा.

आईंचे वय 74. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, आणि सोलापूरच्या रुग्णालयात शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली. हाती बारा दिवस होते. मोठी गाडी धाकट्या भावाकडे. हंगामात ती खरेदीसाठी लातूरच्या वाटेवर असे. म्हणजे वैरागवरून सोलापूरचा सत्तर किलोमीटरचा रस्ता याच मारुतीने जाऊन-येऊन करायचा होता आणि शस्त्रक्रियेनंतर पट्टी बांधलेल्या डोळ्याने आईंना याच सीटवर बसून परतायचे होते. संध्याकाळचे भोजन सूर्यास्तापूर्वी उरकण्याचा घरचा नियम. वाटेत गाडी अडली तर आई दिवसभर उपाशी राहतील, ही मुलाची दुसरी काळजी.

गाडी चालविणारा हा मधला मुलगा, म्हणजे दुकानातले आताचे शेठ. चालक उजवीकडे बसतो. त्यांना आवाज डावीकडून, समोरून येतो असे वाटले. वीस वर्षे ज्या मिस्त्रींकडे घरच्या गाड्या जातात त्यांच्याकडे जाऊन त्यांनी निदान सांगूनच टाकले.

“उस्ताद, पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग गेलंय. उद्या बदलून द्या.”

मिस्त्री जुने आणि जाणते. त्यांनी गाडी कुर्डुवाडी रस्त्याला नेली आणि दोन गोष्टी पाहिल्या. साठच्या वेगात क्लच दाबून गिअर न्यूट्रल केला. इंजिन मंदावले, आवाज मात्र तसाच राहिला. म्हणजे दोष इंजिनात नव्हता, चाकांच्या बाजूला होता. (ही परीक्षा मोकळ्या, सरळ रस्त्यावरच करावी आणि किल्ली मात्र कधीही बंद करू नये, स्टिअरिंगला कुलूप लागण्याचा धोका असतो.) नंतर रिकाम्या रस्त्यावर गाडी हलकेच उजवीकडे वळविली, तशी घरघर वाढली, डावीकडे वळविली, तशी ओसरली. गाडी उजवीकडे वळते तेव्हा तिचा भार डाव्या चाकांवर झुकतो, आणि भार वाढला की झिजलेले बेअरिंग अधिक ओरडते. दोष डावीकडे आहे, हे त्यावरून बहुतांशी बरोबर ठरले.

चूक येथेच झाली, आणि ती दोघांची होती. वळणावर भार डाव्या *चाकांवर* जातो, पुढच्याही आणि मागच्याही. ही परीक्षा डावे-उजवे सांगते. पुढचे की मागचे हे सांगत नाही. पत्र्याच्या एकसंध सांगाड्यातून आवाज कुठून कुठेही वाहत जातो आणि चालकाला तो भलत्याच जागी ऐकू येतो. शेठनी ‘पुढचे’ म्हटले होते, ते शब्द मिस्त्रींच्या कानात बसले होते, आणि वीस वर्षांच्या गिऱ्हाइकाला “आधी चारही चाके उचलून पाहू” असे म्हणणे त्यांना अवघड गेले असावे.

पुढचे चाक उघडण्याचे काम थोडे नसते. चाक जमिनीवर असतानाच, कोणीतरी ब्रेक दाबून धरून, शाफ्टच्या टोकाचा मोठा नट सैल करावा लागतो. मग गाडी उचलून भक्कम स्टँडवर ठेवायची; केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालणारा माणूस किती वर्षे वाचला आहे, हे त्याच्या नशिबाचे माप असते, कौशल्याचे नव्हे. ब्रेकचा कॅलिपर सोडवून तारेने वर बांधायचा, होजवर लोंबू द्यायचा नाही. स्टिअरिंगचा सांधा आणि खालचा बॉल जॉइंट सोडवून नकल बाहेर काढायची आणि ती प्रेसवर न्यायची. गावात लेथवाल्याकडे प्रेस होता. काम तेथे झाले, हातोड्याने झाले नाही, एवढे मिस्त्रींच्या बाजूने नोंदवायला हवे.

प्रेसचा आग्रह का धरावा, हे शेठसारख्या गिऱ्हाइकानेही जाणून घ्यावे. बेअरिंग म्हणजे दोन पोलादी कड्या आणि त्यांच्यामध्ये पिंजऱ्यात बसविलेले छर्रे. नकलेत बेअरिंग बसविताना दाब बाहेरच्या कडीवरच पडला पाहिजे, कारण तीच तेथे घट्ट बसते. हब आत घालताना आधार आतल्या कडीला हवा. दाब उलट्या कडीवर पडला तर तो छर्‍यांतून जातो आणि कडीच्या गुळगुळीत वाटेवर सूक्ष्म खळगे उमटतात. नवे, खोक्यातून काढलेले बेअरिंग अशा रीतीने बसवितानाच निकामी होते. थोड्याच दिवसांत ते घरघरू लागते आणि दोष मालाला दिला जातो.

संध्याकाळी गाडी मिळाली. शेठ बाजाराच्या फाटकापर्यंत गेले, पुढे वैराग रस्त्याला लागले, साठचा काटा आला, आणि जात्यातला खडा पूर्ववत बोलू लागला.

व्यापाऱ्याच्या मनात अशा वेळी पहिला संशय येतो तो मालाचा. डाळीत काय मिसळले जाते आणि पोत्यावर काय छापले जाते, हे ज्याने उभ्या आयुष्यात पाहिले, त्याला बेअरिंगच्या खोक्यावर सहज विश्वास बसत नाही. आणि नकली बेअरिंगांचा व्यापार देशात चालतो, हे खोटेही नाही. नामांकित कंपनीचे खोके आणि शिक्का उठवून सामान्य माल विकला जातो. शेठनी दुसऱ्या दिवशी दुकान गाठले, बिल मागितले, खोक्यावरचा क्रमांक आणि कडीवर कोरलेला क्रमांक जुळतो का हे पाहिले, छपाई पुसट आहे का ते निरखले. सारे जुळत होते. बिल पक्के होते, दुकानदार अधिकृत विक्रेता होता.

त्या दुकानाच्या फळीवर जी नावे मांडलेली असतात त्यांचा इतिहास व्यापारी घरांना रुचेल असा आहे. पोलादी गोळ्या एकसारख्या गोल घासणारे यंत्र जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे फ्रीड्रिश फिशर याने 1883 मध्ये सिद्ध केले. तोपर्यंत छर्रे लहान-मोठे निघत, आणि एक मोठा छर्रा सगळा भार स्वतःवर घेऊन फुटे. स्वीडनच्या गोटेबोर्ग शहरात स्वेन विंगक्विस्ट हा एका कापडगिरणीत यंत्रांची देखभाल करी. गिरणीतले दांडे किंचित वाकत आणि बेअरिंगे सतत जात. त्या डोकेदुखीतून 1907 मध्ये स्वतः समतोल साधणारे बेअरिंग निघाले आणि एसकेएफ कंपनी उभी राहिली. तिचा एक कारखाना आपल्या चिंचवडला आहे. जयपूरची एनबीसी 1946 ची. मारवाडातून आलेल्या घरांना तिचे नाव परके नसावे.

माल खरा निघाल्यावर संशय माणसावर गेला. काढलेले बेअरिंग शेठनी मिस्त्रींकडून मागून घेतले. हा त्यांचा हक्कच होता, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाने काढलेला भाग मागून घ्यावा. देण्यास खळखळ करणाऱ्या गॅरेजात पुन्हा जाऊ नये. मिस्त्रींनी ते तत्काळ दिले, डिझेलमध्ये धुऊनही दिले. धुतल्यावर दिसले ते असे : कडीची वाट चकचकीत होती, कोठे गंज नव्हता, कोठे पोपडा निघालेला नव्हता. समान अंतरावर काही बारीक खुणा होत्या. पण त्या प्रेसने ओढून काढताना छर्‍यांच्या दाबाने पडतात, त्यावरून काही सिद्ध होत नाही. ज्या बेअरिंगला दोषी ठरवून बाहेर काढले ते निरोगी होते.

“शेठ, हे चांगलंच होतं,” मिस्त्री खाली पाहत म्हणाले. “मी उघडायला नको होतं.”

एवढे बोलण्यासाठी छाती लागते. धंद्यात ते वाक्य टाळण्याच्या शंभर वाटा असतात, आणि आवाज बंद न झालेल्या गाडीसमोर त्यातली कोणतीही वाट खपली असती : दुसरे बेअरिंगही गेले असेल, गिअरबॉक्स पाहू, टायर नवे घालू.

टायरची शंका मात्र रास्त होती आणि ती फुकटात तपासता येते. असमान झिजलेला टायरही अशीच घरघर करतो. ओळख एवढीच की रस्ता बदलला, डांबर संपून काँक्रीट आले, की टायरचा सूर बदलतो. बेअरिंगचा फारसा बदलत नाही. खात्री करायची तर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे लावून एक फेरी मारावी. मिस्त्रींनी ती मारली. आवाज होता तेथेच होता. वळणावर स्टिअरिंग पूर्ण फिरविल्यावर होणारी कट्-कट् नव्हती, म्हणून शाफ्टचा सांधाही सुटला. ब्रेक दाबल्याने आवाजात फरक पडत नव्हता.

त्या रात्री घरी हा विषय निघाला. तारखेला सहा दिवस उरले होते आणि भाड्याची गाडी करावी का, असा विचार चालू होता. तेव्हा आई म्हणाल्या, “अरे, मी पहिल्या दिवसापासून सांगतेय, आवाज माझ्या बसायच्या जागेखाली आहे. पायाला कंप लागतो.”

त्यांनी खरोखरच सांगितले होते. मागच्या सीटवर डावीकडे त्या नेहमी बसत. दिसणे कमी झाल्यापासून आवाजाचा आणि स्पर्शाचा अंदाज त्यांना इतरांहून अधिक असे. परंतु गाडीचे निदान करताना वृद्ध आईचे मत विचारावे, हे ना मुलाला सुचले, ना मिस्त्रींना. चालक सोडून अन्य सीटवर कोणाला तरी बसवून एक फेरी मारावी, ही तर मिस्त्री लोकांची जुनीच रीत आहे. येथे माणूस आधीपासून बसलेला होता, फक्त ऐकून घेणारा नव्हता.

सकाळी गाडी पुन्हा गॅरेजात गेली. पुढच्या चाकांना ठोकळे लावले, गाडी गिअरमध्ये ठेवली आणि हँडब्रेक सोडून मागची बाजू स्टँडवर घेतली. मारुतीची पुढची चाके इंजिन फिरविते, त्यामुळे ती हाताने फिरविली तर शाफ्टचा आणि गिअरबॉक्सचा आवाज मिसळतो. मागची चाके मोकळी असतात. ही गाडीतली सर्वांत सोपी तपासणी, आणि ती सर्वांत शेवटी झाली. मिस्त्रींनी एका हाताने डावे चाक फिरविले आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवला. स्प्रिंग हाताखाली खरखरत होती. उजवीकडच्या स्प्रिंगला हात लावला तर ती शांत. मग डाव्या चाकाला वर आणि खाली धरून हलविले. किंचित लचक जाणवली, फार नाही. बेअरिंग ओरडत असूनही चाकात लचक नसणे हे नेहमीचेच. लचक नाही म्हणून दोष नाही असे मानू नये. (पुढच्या चाकात लचक आढळली तर कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवावे. लचक गेली तर बेअरिंग, राहिली तर बॉल जॉइंट किंवा अन्य सांधा.)

या गाडीत मागची बेअरिंगे ब्रेकच्या ड्रममध्येच बसतात, प्रत्येक ड्रममध्ये दोन, मध्ये स्पेसर. टोपी काढली, स्प्लिट पिन ओढली, नट सोडविला, ड्रम हाती आला. आतली धूळ मिस्त्रींनी हवा मारून उडविली नाही, ओल्या फडक्याने पुसली. जुन्या ब्रेक-लायनरच्या धुळीत अॅस्बेस्टॉस असू शकते आणि ती छातीत जाणे बरे नाही. आतल्या बाजूचे सील फाटलेले होते. ग्रीसचा रंग गंजाच्या पाण्यासारखा तपकिरी झाला होता, आणि बेअरिंगच्या कडीवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते. ऑगस्टात ओढ्याला पाणी आले असता गाडी चाकभर पाण्यातून काढली होती, ते शेठना आठवले. शिवाय डिकीत नमुन्याच्या नावाखाली तुरीची दोन-दोन, तीन-तीन पोती जात. पाण्याने सील हरते आणि भाराने छर्रे. या चाकाच्या वाट्याला दोन्ही आले होते. अशा स्थितीत आणखी काही महिने गाडी हाकली असती तर बेअरिंग तापून आतली कडी दांड्यावर फिरू लागली असती, दांडा खराब झाला असता, आणि शेवटच्या टोकाला चाक निसटण्यापर्यंत मजल जाते.

दोन्ही बेअरिंगे बदलली, केवळ खराब झालेले एक नव्हे. सील आणि स्प्लिट पिन नवीन घातली. जुन्या बेअरिंगची बाहेरची कडी ठेवूनच नवे आत ठोकले, म्हणजे घाव योग्य जागी पडतो. स्पेसर विसरला नाही, हे सांगण्याचे कारण असे की तो विसरला तर नट आवळताच आतल्या कड्या चेपतात. ग्रीस माफक भरले आणि ब्रेकच्या शूला त्याचे बोट लागू दिले नाही. नट अंदाजाने नव्हे, टॉर्क पान्याने, कंपनीने दिलेल्या मापाला आवळला. उजव्या बाजूचे सुस्थितीत होते, ते तसेच राहू दिले; जोडीने बदलण्याचा सल्ला टायरला लागू पडतो, बेअरिंगला तो लागू पडेलच असे नाही.

आता प्रश्न पैशाचा होता. मागच्या दोन बेअरिंगांचा खर्च काही शेकड्यांचा. पुढच्या चाकाची मजुरी आणि प्रेसचे पैसे त्याहून जास्त, आणि ते वाया गेलेले. मिस्त्रींनी पहिली मजुरी परत करतो म्हटले. शेठ थोडा वेळ काही बोलले नाहीत. आडतीत नमुना न पाहता माल उचलणाऱ्याला दोष द्यायचा की न दाखविणाऱ्याला, हे भांडण त्यांनी अनेकदा मिटविले होते.

“पुढचं बदला, हे मी म्हणालो होतो,” ते म्हणाले. “तुम्ही विचारायला हवं होतं, मी हुकूम द्यायला नको होता. निम्मे तुमचे, निम्मे माझे.”

मिस्त्रींनी निम्मी मजुरी घेतली. पुढचे नवे बेअरिंग गाडीतच राहिले. तेवढे तरी फुकट गेले नाही. गॅरेजच्या दारातील फळीवर त्यानंतर मिस्त्रींनी एक ओळ खडूने लिहिली आहे : ‘आवाज आहे तर गिऱ्हाइकाने निदान सांगू नये, लक्षण सांगावे.’ शेठना ती आपल्यावरच लिहिली आहे हे ठाऊक आहे आणि तिचा त्यांना राग नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी आईंना मागे बसवून वैरागपर्यंत एक फेरी मारली. परत आल्यावर डाव्या मागच्या चाकाच्या टोपीजवळ हात नेला. उजव्या बाजूइतकीच ती कोमट होती. एका बाजूची टोपी अधिक तापली असती तर नट जास्त आवळला गेला किंवा ब्रेक घासतो, असा अर्थ झाला असता. आईंना विचारले. त्या थोडा वेळ डोळे मिटून बसल्या आणि म्हणाल्या, पायाचा कंप गेला.

ठरल्या दिवशी गाडी पहाटे सोलापूरला निघाली. शस्त्रक्रिया दुपारपूर्वी उरकली, चारच्या सुमारास रुग्णालयाने जाऊ दिले, आणि वैराग मागे पडले तेव्हा ऊन अजून शेतांवर होते. घरी ताट वाढून तयार होते.